हेड गॅस्केट : घरच्या अवजारांनी करावयाची एक अवघड दुरुस्ती

मोटारीच्या दुरुस्तीत काही वाक्ये अशी आहेत, की ती कानी पडताच मालकाचा चेहरा उतरतो. ‘हेड गॅस्केट गेले, इंजिन खोलावे लागेल’ हे त्यांपैकी एक. नव्या गॅस्केटची किंमत एकूण खर्चात तुलनेने किरकोळ असते. खर्च होतो तो मजुरीवर आणि गाडी गॅरेजमध्ये अडकून पडल्याने. गाडी पंधरा-वीस वर्षांची असेल तर दुरुस्तीचा अंदाजित आकडा अनेकदा गाडीच्या बाजारभावाशीच स्पर्धा करू लागतो. मग उरतात दोनच पर्याय : गाडी भंगारात काढणे किंवा स्वतः बाह्या सरसावणे.

दुसरा पर्याय धाडसाचा असला तरी अशक्य कोटीतला नाही. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या ग्राहकाच्या हाती पडलेली आणि जानेवारी २०१४ पर्यंत उत्पादनात असलेली मारुती ८०० किंवा कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी यांसारख्या साध्या रचनेच्या मोटारींचे हेड असंख्य कारागिरांनी फुटपाथवर, झाडाखाली, मोजक्या पान्यांच्या जोरावर उतरवले आहे. मात्र त्या कारागिरांच्या हातात अवजारे कमी असली तरी डोक्यात क्रम पक्का होता. घरी हे काम करणाऱ्यास तो क्रम आणि त्यामागची कारणे आधी समजून घ्यावी लागतात. विशेष अवजारांची उणीव पुष्कळशी भरून काढता येते, समजुतीची उणीव मात्र भरून काढता येत नाही.

गॅस्केट काय करते?

इंजिनाचे दोन मुख्य भाग असतात. खालचा ब्लॉक, ज्यात पिस्टन वर-खाली होतात, आणि त्यावर झाकणासारखे बसणारे हेड, ज्यात व्हॉल्व्ह व स्पार्क प्लग असतात. या दोहोंच्या सांध्यात मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीचा जो थर दाबून बसवलेला असतो, तेच हेड गॅस्केट. या पातळ थराला तीन निरनिराळ्या गोष्टी एकमेकींपासून दूर ठेवायच्या असतात. सिलिंडरमध्ये जळणाऱ्या वायूंचा दाब पूर्ण भाराखाली वातावरणाच्या दाबाच्या चाळीस ते साठ पट होतो आणि तापमान दोन हजार अंश सेल्सियसच्या वर जाते. त्याच्या शेजारच्याच छिद्रांतून इंजिन थंड ठेवणारे पाणी वाहते आणि तिसऱ्या वाटेने वंगणाचे तेल चढते-उतरते. आग, पाणी आणि तेल यांच्यातील ही भिंत ढासळली, की सारा संसार बिघडतो.

भिंत ढासळण्याचे मुख्य कारण म्हणजे इंजिन प्रमाणाबाहेर तापणे. बहुतेक लहान पेट्रोल मोटारींत हेड ॲल्युमिनियमचे, तर अनेक जुन्या मोटारींत ब्लॉक बिडाचा असतो. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. तीनशे मिलिमीटर लांबीचे हेड ८० अंशांनी तापले तर ते साधारण अर्धा मिलिमीटर वाढते, तेवढाच लांब बिडाचा ब्लॉक मात्र पाव मिलिमीटरच्या आसपास. ही सरकासरकी गॅस्केट रोज सोसत असते. पण मे महिन्यात भरल्या गाडीने बोरघाट चढताना रेडिएटरचा पंखा बंद पडला किंवा पाण्याची नळी फुटली, तर हेड मर्यादेपलीकडे तापते, बोल्टांच्या पकडीत फुगायला जागा न मिळाल्याने वाकते आणि गॅस्केटवरील दाब एखाद्या जागी सैल पडतो. तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करणे, हाच म्हणून या दुरुस्तीवरचा सर्वांत स्वस्त उपाय होय. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतणे हा मात्र घातक प्रकार आहे. त्याने हेडला वा ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

निदान : आधी खात्री, मग पाना

गॅस्केट गेल्याचा संशय येताच इंजिन खोलायला घेणे ही घाई ठरते. गाडी तापण्याची कारणे अनेक असतात. थर्मोस्टॅट अडकणे, पंख्याचा स्विच जाणे, रेडिएटर गाळाने भरणे, पाण्याचा पंप गळणे किंवा रेडिएटरच्या झाकणाचा रबर सैल पडणे, ही सगळी कमी खर्चाची दुखणी आधी तपासून बाद करावीत.

गॅस्केटची स्वतःची काही लक्षणे असतात. बाहेर कुठेही गळती नसताना पाणी कमी होत राहते. सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते आणि इंजिन तापल्यावरही ती थांबत नाही. कूलंट घातलेले असेल तर त्या वाफेला गोडसर वास असतो. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ, कॉफीच्या रंगाचा चिकटा जमतो. मात्र पावसाळ्यात केवळ चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही दमटपणामुळे थोडा चिकटा दिसतो. त्यामुळे तेल मोजण्याच्या पट्टीवरही तोच रंग दिसतो का, हे पाहावे.

यानंतर तीन घरगुती चाचण्या कराव्यात. पहिली रबरी हातमोज्याची. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून पाणी काठोकाठ भरावे, तोंडावर पातळ रबरी हातमोजा घट्ट बसवावा, पंख्याच्या व पट्ट्यांच्या जवळ तो लोंबणार नाही याची काळजी घ्यावी आणि इंजिन सुरू करावे. पहिल्या मिनिटभरातच मोजा धडधडत फुगू लागला, तर सिलिंडरमधले वायू पाण्यात शिरत आहेत असे समजावे. इंजिन तापल्यावर पाणी प्रसरण पावून मोजा हळूहळू फुगणे स्वाभाविक आहे. म्हणून निर्णय पहिल्या मिनिटाचाच घ्यावा आणि चाचणी तिथेच थांबवावी.

दुसरी चाचणी प्लगची. सगळे प्लग काढून क्रमाने मांडावेत. एकच प्लग वाफेने धुतल्यासारखा लख्ख आणि बाकीचे तपकिरी असतील, तर पाणी त्याच सिलिंडरमध्ये जात आहे. तिसरी चाचणी अंगठ्याची. ठिणगीचा पुरवठा बंद करून प्लगच्या छिद्रावर अंगठा दाबावा आणि दुसऱ्याने स्टार्टर फिरवावा. निरोगी सिलिंडर अंगठा जोराने उडवतो. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच मरगळलेले वाटले, तर त्या दोहोंमधली गॅस्केटची पट्टी जळाली असण्याची शक्यता मोठी. कॉम्प्रेशन मोजण्याचे यंत्र अचूक आकडा देते, पण कोणता सिलिंडर इतरांपेक्षा दुबळा आहे एवढे अंगठाही सांगतो.

रेडिएटरचे झाकण मात्र गरम इंजिनावर कधीही उघडू नये. बंद यंत्रणेत दाबामुळे पाणी साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडताच दाब नाहीसा होतो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन चेहऱ्यावर उसळते.

हात कोठे आखडावा?

प्रत्येक गाडीचे हेड घरी उतरवावे असे नाही. हमीच्या मुदतीतील गाडी, टर्बो असलेले आधुनिक डिझेल इंजिन आणि हायब्रिड मोटार यांच्या वाटेला न जाणेच शहाणपणाचे. हायब्रिड गाडीतील नारिंगी रंगाच्या तारांमध्ये जीवघेणा विद्युतदाब असतो. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत वायू सुमारे २०० बार दाबाने भरलेला असतो. त्या नळीला घरी हात लावू नये, आणि ती मार्गात येत असेल तर ते काम अधिकृत केंद्राकडूनच करवून घ्यावे. वातानुकूलन यंत्रणेच्या नळ्याही उघडू नयेत. कॉम्प्रेसर आड येत असल्यास नळ्यांसकट तो बोल्टांवरून सोडवून दोरीने बाजूला टांगता येतो.

घरी करण्याजोगे इंजिन म्हणजे तीन वा चार सिलिंडरचे, एका कॅमशाफ्टचे, भोवती हात शिरेल एवढी जागा असलेले साधे पेट्रोल इंजिन. मारुती ८०० चे ७९६ घन सेंटिमीटरचे तीन सिलिंडरचे इंजिन हे त्याचे उत्तम उदाहरण. त्यात कॅमशाफ्ट हेडमध्ये असतो आणि दातेरी पट्ट्याने, म्हणजे टायमिंग बेल्टने फिरतो. पद्मिनीच्या इंजिनात कॅमशाफ्ट ब्लॉकमध्येच असून व्हॉल्व्ह लांब काड्यांनी उघडतात. त्यामुळे हेड उतरवले तरी टायमिंग हलत नाही. नवशिक्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

वेळेचाही विचार हवा. अनुभवी कारागीर जे काम एका दिवसात करतो, त्याला घरी तीन-चार दिवस सहज लागतात, शिवाय मधे हेड वर्कशॉपमध्ये जाऊन येते. सोसायटीच्या वाहनतळात काम करायचे असेल तर शेजाऱ्यांना आणि व्यवस्थापनाला आधी कल्पना द्यावी. अर्धी उघडलेली गाडी रस्त्यावर टाकून जाण्याची वेळ येऊ नये.

अवजारांची जुळवाजुळव

पान्यांत काटकसर करू नये. ८ ते १९ मिलिमीटरचे रिंग पाने, गोटी पान्यांचा एक चांगला संच, पक्कड, दोन पेचकस, लाकडी ठोकळा आणि हातोडी एवढे किमान लागते. गोट्या घेताना बारा कोनांच्याऐवजी सहा कोनांच्या घ्याव्यात, कारण गंजलेल्या बोल्टाचे कोपरे त्या झिजवत नाहीत. मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात जुना बाजार हे अशा खरेदीचे जुने ठिकाण. पातळ पोलादी पात्यांचा फीलर गेजही स्वस्तात मिळतो आणि त्याला चांगला पर्याय नाही.

उरलेली सामग्री घरातच सापडते. बोल्ट ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने ठेवण्यासाठी अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे, नळ्या व तारांवर खुणा करायला नखांचे रंग आणि चिकटपट्टी, छिद्रांतले तेल-पाणी ओढून घेण्यासाठी औषधांच्या दुकानातील इंजेक्शनची सिरिंज आणि प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र टिपण्यासाठी खिशातला मोबाइल. सर्वांत महत्त्वाचे अवजार मात्र त्या विशिष्ट मॉडेलचे दुरुस्ती-पुस्तक. बोल्ट किती आवळायचे, कोणत्या क्रमाने आवळायचे आणि टायमिंगच्या खुणा कोठे आहेत, हे अंदाजाने ठरवण्याचे विषय नव्हेत.

हेड उतरवताना

इंजिन रात्रभर थंड होऊ द्यावे. गरम असताना बोल्ट सोडले तर ॲल्युमिनियमचे हेड वाकते. प्रथम बॅटरीची ऋण तार काढावी. इंधन-फवारणीची गाडी असेल तर इंधन पंपाचा फ्यूज काढून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून, नळीतला दाब आदल्या दिवशीच संपवून ठेवावा. काम उघड्यावर किंवा हवेशीर जागी करावे आणि जवळपास दिवा, उदबत्ती, विडी-सिगारेट काहीही नसावे.

कूलंट काढताना ते भांड्यात धरावे. त्यातील ग्लायकॉल विषारी असते आणि चव गोड असल्याने कुत्री-मांजरे ते चाटतात. सायलेन्सरची नळी सोडवण्यासाठी गाडीखाली जावे लागले, तर गाडी केवळ जॅकवर किंवा विटांवर कधीही ठेवू नये. वीट भाराखाली एकाएकी भुगा होते. दोन भक्कम जॅक स्टँड नसतील तर तेवढ्यापुरती ती भाड्याने वा उसनी आणावीत. या एका बाबतीत जुगाडाला जागा नाही.

पुढचा टप्पा टायमिंगचा. हेडमध्ये कॅमशाफ्ट असलेल्या इंजिनात पहिल्या क्रमांकाचा पिस्टन अगदी वर येईल, अशा स्थितीत क्रँकची पुली पान्याने फिरवून थांबवावी. प्लगच्या छिद्रात प्लास्टिकची लांब नळी धरून ठेवली तर पिस्टन वर येताना ती वर सरकते. क्रँक व कॅम या दोन्ही पुल्यांवरच्या खुणा जुळल्याची खात्री करून त्यांवर रंगाचे ठिपके द्यावेत, छायाचित्र घ्यावे आणि मगच पट्टा सैल करावा. यानंतर क्रँक किंवा कॅम विनाकारण फिरवू नये.

सायलेन्सरच्या बाजूचे नट बहुधा गंजलेले असतात. त्यांवर गंज सोडवणारे तेल आदल्या रात्री सोडून ठेवावे. नट सोडण्यापूर्वी तो किंचित आवळून पाहावा. गंजाची पकड मोडते आणि मग तो सुटतो. जोर लावूनही नट हलत नसेल आणि पाना ‘मऊ’ फिरल्यासारखा वाटला, तर थांबावे. तो नट सुटत नसून स्टड पिळवटत असतो.

हेडचे बोल्ट बाहेरच्या टोकांकडून मध्याकडे, प्रत्येक फेरीत थोडे थोडे असे सैल करावेत. सगळे निघाल्यावरही हेड चिकटून राहते. तेव्हा सांध्यात पेचकस खुपसून ते उचकटण्याचा मोह टाळावा. त्या एका ओरखड्याने नवे गॅस्केटही गळते. हेडच्या भक्कम भागाला लाकडी ठोकळा लावून हातोडीचे हलके टोले दिले, की ते सुटते. हेडचे वजन पाहता उचलायला दुसरा माणूस असावा. हेड ठेवताना खालचे व्हॉल्व्ह वाकणार नाहीत, असे दोन लाकडांवर ठेवावे.

सपाटीची परीक्षा

जुने गॅस्केट टाकून देण्याआधी नीट निरखावे. कुठे जळाले, कुठून पाण्याचा माग गेला, हे त्यावर उमटलेले असते. ती खूण आणि आधीच्या चाचण्या जुळल्या तर निदान बरोबर होते असे समजावे. गॅस्केट सर्वत्र धड दिसले, तर मात्र हेडला किंवा ब्लॉकला तडा असल्याचा संशय घ्यावा लागतो.

ब्लॉकचा आणि हेडचा पृष्ठभाग साफ करताना सिलिंडरमध्ये आणि तेलाच्या वाटांत चिंध्या कोंबाव्यात. ॲल्युमिनियमवर पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर वापरू नये. एक तर पृष्ठभागावर न दिसणारे खळगे पडतात आणि दुसरे म्हणजे त्यातील कठीण कण तेलात मिसळून बेअरिंगे खातात. प्लास्टिकची खरवडणी आणि सपाट धरलेले पाते पुरेसे असते.

नंतर सपाटी तपासावी. चांगल्या प्रतीची पोलादी पट्टी काठावर उभी धरून हेडच्या लांबीवर, रुंदीवर आणि दोन्ही कर्णांवर ठेवावी आणि खालून फीलर गेजचे पाते सरकवून पाहावे. लहान इंजिनात ०.०५ मिलिमीटरच्या आसपासची फट ही साधारण मर्यादा मानली जाते. नेमका आकडा पुस्तकात असतो. फीलर गेज नसेल तर ढोबळ परीक्षेला छपाईचा साधा कागद चालतो. त्याची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते. कागद पट्टीखालून सहज निघत असेल, तर हेड वाकले आहे यात शंका नाही. मात्र कागद अडकला म्हणून हेड सपाट ठरत नाही.

वाकलेले हेड घरी सरळ होत नाही. काचेवर पॉलिश पेपर पसरून हेड घासण्याचे प्रयोग केले जातात, पण हाताचा भार एकसारखा पडत नाही आणि कडा अधिक झिजतात. ही पायरी यंत्रावरच व्हावी. रिक्षात घालून हेड वर्कशॉपमध्ये न्यावे, दाबाखाली तड्यांची तपासणी करवून घ्यावी आणि आवश्यक तेवढेच फेसिंग करावे. व्हॉल्व्ह गळतात का, हे मात्र घरी कळते. हेड उलटे ठेवून, प्लग बसवून, दहनकक्षांत थोडे डिझेल ओतावे. काही मिनिटांत ते बाजूच्या वाटांतून झिरपले, तर त्याच फेरीत व्हॉल्व्हही घासून घ्यावेत.

जोडणी आणि आवळण्याचे गणित

ब्लॉकमधील बोल्टांची छिद्रे पूर्ण कोरडी करणे ही क्षुल्लक वाटणारी, पण निर्णायक गोष्ट आहे. तळ बंद असलेल्या छिद्रात तेल किंवा पाणी राहिले, तर बोल्ट आवळताना ते दाबले जात नाही. बोल्ट आवळला गेल्याचा भास होतो किंवा ब्लॉकच तडकतो. सिरिंजने द्रव ओढून घ्यावा, नंतर काडीला गुंडाळलेल्या फडक्याने तळ कोरडा करावा. आटे साफ करण्यासाठी जुन्या बोल्टाच्या आट्यांवर हॅकसॉने उभ्या दोन खाचा पाडाव्यात. तो हाताने फिरवत आत-बाहेर केला, की मळ त्या खाचांत जमून बाहेर येतो.

नवे गॅस्केट ‘वरची बाजू’ दाखवणारी खूण पाहून बसवावे आणि प्रत्येक छिद्र ब्लॉकच्या छिद्रावर येते का, हे बोट फिरवून तपासावे. उलटे बसलेले गॅस्केट तेलाची वाट बंद करू शकते. पुस्तकात सांगितल्याखेरीज त्यावर ग्रीस, शेलॅक किंवा चिकट लेप लावू नये.

बोल्ट आवळण्यासाठी टॉर्क पाना लागतो आणि तो उसना मिळत असेल तर अवश्य आणावा. तो नसेल तर शाळेत शिकलेले भौतिकशास्त्र कामी येते. टॉर्क म्हणजे बल गुणिले अंतर. प्रवासी सामान तोलण्याचा काटा पान्याच्या टोकाला अडकवून ओढला, तर काट्यावरचे वजन आणि बोल्टाच्या केंद्रापासून काटा अडकवलेल्या जागेपर्यंतचे अंतर यांचा गुणाकार म्हणजे टॉर्क. समजा पुस्तकात ६ किलोग्रॅम-मीटर सांगितले आहेत आणि अंतर ३० सेंटिमीटर आहे, तर काट्यावर २० किलोग्रॅम दिसले पाहिजेत. आकडा न्यूटन-मीटरमध्ये दिला असेल तर त्याला ९.८१ ने भागले, की किलोग्रॅम-मीटर मिळतात. ओढ पान्याशी काटकोनात असणे आवश्यक आहे. ती तीस अंशांनी तिरकी झाली तर प्रत्यक्ष टॉर्क सुमारे तेरा टक्क्यांनी कमी पडतो. हिसका न देता सावकाश ओढावे आणि बोल्ट फिरत असतानाचा आकडा वाचावा. एखाद्या बोल्टावर दोन-तीनदा सराव करून मगच हेडकडे वळावे.

आवळण्याची दिशा सोडण्याच्या उलट, म्हणजे मध्यापासून बाहेर, गोगलगायीच्या शंखासारखी. पूर्ण टॉर्क एका दमात देऊ नये. वरच्या उदाहरणात पहिल्या फेरीत २, दुसऱ्या फेरीत ४ आणि तिसऱ्या फेरीत ६ किलोग्रॅम-मीटर असा चढता क्रम ठेवावा. आट्यांना तेल लावावे की ते कोरडे ठेवावेत, याबाबत पुस्तक म्हणेल तसेच करावे, कारण तेल लावलेला बोल्ट त्याच टॉर्कला अधिक ताणला जातो.

अनेक नव्या इंजिनांत टॉर्कनंतर बोल्ट ठरावीक अंशांनी फिरवायचे असतात. अशा बोल्टांना कायमचा ताण बसतो, म्हणून ते बहुधा नवेच वापरावे लागतात. कोन मोजण्याचे यंत्र नसले तरी अडत नाही. षटकोनी माथ्याच्या दोन लगतच्या कोपऱ्यांत ६० अंशांचे अंतर असते, त्यामुळे माथ्यावर आणि हेडवर रंगाचा ठिपका दिला, की ९० अंश म्हणजे दीड बाजू, हे डोळ्यांना दिसते.

टायमिंग जुळवणे

हेड बसल्यावर क्रँक आणि कॅम यांच्या खुणा पुन्हा जुळवून पट्टा चढवावा. पट्टा जुना असेल, त्यावर तेल सांडले असेल किंवा कडा विरल्या असतील, तर इतके उघडल्यावर नवाच घालावा. पाण्याच्या पंपाचीही तीच गोष्ट. पट्ट्यावर योग्य ताण दिल्यानंतर, प्लग काढलेले ठेवून, क्रँक पान्याने हळूहळू पूर्ण दोन फेरे फिरवावा. चार स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो, म्हणून दोन फेऱ्यांनंतर सगळ्या खुणा पुन्हा जुळल्या पाहिजेत. मधे कुठे टणक अडथळा लागला, तर जोर करू नये. तो व्हॉल्व्ह पिस्टनला टेकल्याचा इशारा असू शकतो. हाताने फिरवताना लागलेला अडथळा फुकटचा इशारा असतो, स्टार्टरने शोधलेला अडथळा वाकलेल्या व्हॉल्व्हच्या किमतीला पडतो. व्हॉल्व्हमधील फट जुळवायची असेल तर तीही याच वेळी पुस्तकातील मापाने जुळवावी.

पहिली सुरुवात

इंजिन सुरू करण्याआधी तेल आणि तेलाचा फिल्टर बदलणे अनिवार्य आहे. पाणी मिसळलेले तेल वंगणाचे काम करत नाही. कूलंट योग्य प्रमाणात, शक्यतो शुद्ध केलेल्या पाण्यात मिसळून हळूहळू भरावे. विहिरीचे वा बोअरचे जड पाणी आत क्षार साठवते आणि काही वर्षांनी हेच दुखणे परत आणते. हीटर असलेल्या गाडीत त्याची कळ गरम बाजूला ठेवावी, म्हणजे त्या नळ्यांतली हवाही निघते.

सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे सायलेन्सरमधून वाफ येते. आत राहिलेले पाणी बाहेर पडत असते. ती कमी होत थांबली पाहिजे. इंजिन संथ गतीने चालू ठेवून तापमानाचा काटा, पाण्याची पातळी आणि सांध्याभोवतीची गळती यांवर लक्ष ठेवावे आणि रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होऊन बंद होतो का, हे पाहावे. निदान-जोडणीची सोय असलेल्या गाड्यांत मोबाइलला जोडणारे स्वस्त उपकरण पाण्याचे तापमान अंशांत दाखवते. जुन्या गाडीत डॅशबोर्डवरील काटा आणि सावध कान यांवर भिस्त ठेवावी. इंजिन पुन्हा पूर्ण थंड झाल्यावर पाण्याची पातळी तपासून भर घालावी.

पहिले आठ-दहा दिवस गाडी शहरातच, हलक्या भाराने चालवावी. रोज सकाळी पाणी आणि तेल पाहावे. काही जुन्या इंजिनांत थोड्या किलोमीटरांनंतर हेडचे बोल्ट पुन्हा आवळण्याची सूचना असते, नव्या प्रकारच्या गॅस्केटना ती बहुधा लागू नसते. येथेही पुस्तकाचाच शब्द अखेरचा. आत राहिलेला पाण्याचा अंश निघून जावा म्हणून हे तेल नेहमीच्या मुदतीपूर्वीच एकदा बदलणे हितकारक ठरते.

काढलेले जुने तेल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतणे अपराधच म्हणावा लागेल. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. बंद डब्यात भरून ते एखाद्या मोठ्या सर्व्हिस सेंटरला द्यावे. कूलंटचीही तशीच व्यवस्था लावावी.

मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली आणि मारुती ८०० ही आता रस्त्यावर क्वचितच दिसते. हेड स्वतः उतरवता येईल अशा मोटारी दिवसेंदिवस कमी होत आहेत. तरीही हा क्रम एकदा समजलेल्या मालकाला त्याचा उपयोग राहतो. गाडी शेवटी गॅरेजमध्येच न्यावी लागली, तरी हेडची सपाटी मोजली का, बोल्ट किती टॉर्कला आवळले आणि जुने गॅस्केट कोठे जळाले होते, हे तीन प्रश्न तो विचारू शकतो. चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही. तो जुने गॅस्केट आणून समोर ठेवतो.